‘कोवळं वय आहे, भरून निघेल’: त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

अपघातात जबर जखमी झालेल्या शाळकरी मुलांच्या पालकांसाठी म्हणून एक लांबलचक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो. त्याचा गोषवारा असा: कोवळ्या वयात मेंदू आणि हाडं आपोआप भरून येतात. सीटी स्कॅन नॉर्मल आला तर डोक्याची काळजी सोडा. मेंदूच्या ताकदीच्या गोळ्या चालू ठेवा, रोज मालीश करा. जी सुधारणा व्हायची ती सहा महिन्यांत होते, पुढे होत नाही. तरी आशा सोडू नका, अमेरिकेत एक जण १९ वर्षांनी कोमातून उठला. आणि कोर्टकचेरीच्या भानगडीत न पडता समोरच्या पार्टीशी मिटवून टाका.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अशी मुलं माझ्याकडे येतात आणि त्यांच्या आयांच्या फोनमध्ये हा मेसेज असतोच. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला मुलाचं नुकसान करणारा आहे.

कोवळ्या वयापासूनच सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. ही समजूत हवेतून आलेली नाही. १९३०च्या दशकात मार्गारेट केनार्ड यांनी माकडांवर प्रयोग केले. मेंदूच्या हालचालीच्या भागाला इजा झालेली पिल्लं मोठ्या माकडांपेक्षा चांगली सावरतात, असं त्यांना दिसलं. पुढे याचं ‘केनार्ड तत्त्व’ झालं आणि ते जरा जास्तच ताणलं गेलं. प्रयोगातली इजा एका ठरावीक जागी केलेली होती. वेगातली गाडी आदळते तेव्हा कवटीच्या आत मेंदू हिसकला जातो, पिळला जातो आणि त्यातले लांब तंतू ठिकठिकाणी ताणले जातात. शेजारच्या भागाने काम उचलायचं म्हटलं, तर शेजारही दुखावलेलाच असतो.

दुसरं असं, की चौदा-पंधराव्या वर्षी मेंदूची बांधणीच अजून चालू असते. नियोजन करणं, रागावर ताबा ठेवणं, एकाच वेळी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवणं ही कामं बघणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. त्या भागाला मार बसला तर लगेच काही दिसेलच असं नाही. आठवीतला मुलगा चालतो, बोलतो, शाळेत जातो, सगळे देवाचे आभार मानतात. अकरावीत स्वतःचं वेळापत्रक स्वतः सांभाळायची वेळ येते आणि तो कोलमडतो. तोवर अपघात जुना झालेला असतो. मग ‘आळशी झालाय’, ‘मोबाइलने वाट लावली’, ‘वयच तसं आहे’ ही कारणं पुढे येतात, आणि ज्याला खरं तर तपासणीची गरज आहे त्याला बोलणी बसतात. बाप ओरडतो, आई रडते, मुलाला स्वतःलाच कळत नसतं की आपलं काय बिनसलंय. मला सगळ्यात जास्त चीड येते ती इथे.

हाडांचंही अर्धंच खरं. मुलांची हाडं लवकर जुळतात, मान्य. पण वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची पट्टी असते. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या पट्टीतून होते, वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. ती चेंगरली तर प्लॅस्टर निघाल्यावर सगळं छान दिसतं आणि वर्षा-दोन वर्षांनी एक पाय आखूड किंवा वाकडा निघतो. म्हणून वाढ संपेपर्यंत अस्थिरोगतज्ज्ञांना पाय दाखवत राहायचं.

आता सीटी स्कॅन. रक्तस्राव, कवटीचं फ्रॅक्चर, सूज, तातडीने ऑपरेशन लागेल का, एवढं बघायला तो उत्तम. ताणलेले तंतू त्यात बहुधा दिसत नाहीत. एमआरआयमध्ये थोडे अधिक दिसतात. मूल पुढे कितपत सावरेल याच्या अंदाजासाठी दोन गोष्टी जास्त कामाच्या आहेत. एक, ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे रुग्ण कितपत शुद्धीवर आहे याचे गुण. टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेलं हे माप ३ ते १५ गुणांचं आहे आणि ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. डिस्चार्ज कार्डावर तो आकडा शोधा. दुसरी गोष्ट, अपघातानंतर मुलाला सलग आठवायला कधी लागलं. ‘मामा भेटायला आला होता’ अशी सुटी आठवण यात धरायची नाही. कालचं आज आठवतंय, असं रोज व्हायला लागलं तो दिवस महत्त्वाचा. मधला काळ जितका लांब, तितकी पुढे अडचणींची शक्यता जास्त. हे विचारायला पैसे लागत नाहीत, तरी फार कमी जण विचारतात.

‘ताकदीच्या गोळ्यां’मध्ये आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते ती सिटिकोलीन. डोक्याला मार लागलेल्या १,२१३ रुग्णांवर अमेरिकेत तिची चाचणी झाली, ९० दिवस औषध दिलं गेलं. २०१२ मध्ये निकाल आला: औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा फरक नाही. याचा अर्थ घरातल्या सगळ्या गोळ्या टाकून द्या असा मुळीच नाही. फिटची गोळी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. पण तोच खर्च स्पीच थेरपीवर किंवा स्मरणशक्तीच्या तपासणीवर झाला तर काहीतरी हाती लागेल.

मालीश? कोपराच्या दुखापतीनंतर जोरात चोळून, ओढून सांधा मोकळा करायला गेलेली मुलं आमच्याकडे कायमचा आखडलेला हात घेऊन येतात. दुखावलेल्या स्नायूत हाड तयार होतं. डोक्याला गंभीर मार असेल तर हा धोका आणखी वाढतो. हलका हात फिरवणं वेगळं.

मेसेज एकीकडे सांगतो, सहा महिन्यांनंतर काही होत नाही. दोन ओळींनंतर सांगतो, १९ वर्षांनी माणूस उठला. लिहिणाऱ्याने स्वतःचं तरी वाचलं असावं की नाही! पहिल्या सहा महिन्यांत सुधारणेचा वेग जास्त असतो, एवढं खरं. नंतर तो मंदावतो, थांबत नाही. विचार, बोलणं आणि वागणं यांत वर्षा-दोन वर्षांनीही फरक पडतो. ‘आता काय उपयोग’ म्हणून सातव्या महिन्यात व्यायाम सोडला की आखडलेले स्नायू पुन्हा डोकं वर काढतात.

तो अमेरिकन म्हणजे आर्कान्सामधला टेरी वॉलिस. १९८४ मध्ये त्याची गाडी पुलावरून खाली कोसळली, २००३ मध्ये तो ‘मॉम’ म्हणाला. पण मधली १९ वर्षं तो कोमात नव्हता. डोळे उघडे असत, अधूनमधून खूण कळे. अंशतः भान असलेली ती अवस्था होती. बोलायला लागल्यावरही १९८४ मधले रेगनच अजून राष्ट्राध्यक्ष आहेत असं त्याला वाटे, आणि त्याची सगळी देखभाल शेवटपर्यंत घरच्यांनाच करावी लागली. त्याच्या मेंदूत तंतूंची नवी जुळणी झाल्याच्या खुणा २००६ मध्ये संशोधकांनी मांडल्या, हे खरोखर थक्क करणारं. मेसेजमध्ये मात्र फक्त चमत्कार उरतो.

राहिलं ‘मिटवून टाका’. नेमका हाच मुद्दा सगळ्यात महागात पडतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे भरपाईच्या अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. म्हणजे मुलाचं पुढे काय होणार हे कळायच्या आतच अर्ज करावा लागतो. अर्ज करा, पण पहिल्या वर्षात तडजोडीवर सही करायची घाई नको. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बारा वर्षांच्या वयात अपघातात बुद्धी आणि हालचाल गमावलेल्या एका मुलीची भरपाई ६२ लाखांवर नेली. त्यात आयुष्यभर लागणाऱ्या दोन मदतनिसांचा खर्चही धरला होता. घरी येऊन मिटवणारी पार्टी असला हिशोब कधीच मांडत नाही.

एक काम मात्र आजच करून ठेवा, ताई. अपघाताच्या आधीच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका आणि शिक्षकांचे शेरे शोधून एका फायलीत लावा. मूल आधी कसं होतं हे न्यायाधिकरणात दाखवायला त्या लागतात, मानसोपचार केंद्रातल्या तपासणीत तुलनेला लागतात, आणि शाळेशी बोलतानाही लागतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र निघालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मागता येतो. तो अर्ज शाळेमार्फत जातो आणि परीक्षेच्या बराच आधी द्यावा लागतो.