कागदाला रेनकोट

परवा केनिया-टांझानियाच्या नमांगा सीमेवरून हात हलवत परत आलो. जूनमध्ये स्वतःच्या गाडीने नैरोबी ते केपटाउन जायचंय, साडेपाच-सहा हजार किलोमीटर. म्हणून आधी टांझानियातल्या अरुशापर्यंत रंगीत तालीम करू म्हटलं. तालमीत पडदाच उघडला नाही.

दोष माझा नाही, संस्कारांचा आहे. आमच्या घरी कागद महत्त्वाचा ठरला की लॅमिनेट व्हायचा. वडिलांनी माझी दहावीची मार्कशीट, रेशनकार्ड आणि एकदा विजेचं बिलसुद्धा लॅमिनेट केलं होतं. बिल चुकीचं आलं होतं, पुरावा जपायचा होता. तर माझ्या गाडीवर कर्ज आहे, त्यामुळे ती देशाबाहेर न्यायला बँकेचं संमतीपत्र लागतं. ते मिळायला तीन आठवडे लागले. एवढ्या मोलाचा कागद मी उघडा ठेवेन?

नमांगाला हल्ली ‘वन स्टॉप’ चौकी आहे. टांझानियात जाताना केनियाच्या बाजूला थांबायचंच नाही, सरळ पलीकडच्या इमारतीत शिरायचं. दोन्ही देशांचे साहेब तिथेच शेजारीशेजारी. स्टॉप एक, खिडक्या पाच. पहिल्या खिडकीतल्या बाईंनी यलो कार्ड मागितलं. दिलं. “हे नव्हे, दुसरं.” पीतज्वराच्या लशीचं कार्ड पिवळं, आणि पार झिंबाब्वेपर्यंत चालणाऱ्या कोमेसाच्या (आफ्रिकी देशांचा व्यापारगट) थर्ड पार्टी विम्याचं नावही यलो कार्डच. लस माणसाला, विमा गाडीला. मी आरोग्याच्या खिडकीत गाडीचा विमा धरून उभा होतो. गाडीला डास चावतात का, अशा नजरेने बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मग कस्टम्स. साहेबांनी बँकेच्या पत्रावर शिक्का मारला. शिक्का घसरला. पुन्हा मारला, अंगठ्याने दाबून पाहिला, तर सगळी शाई अंगठ्यावर. त्यांचा अंगठा केनियातून रीतसर बाहेर पडला, मी नाही.

“कागदाला रेनकोट का घातलास?” मागून आवाज आला.

मागे एक मझे उभे होते. मझे म्हणजे वडीलधारे. साठीचे, ट्रकड्रायव्हर, काखेत थर्मास, डोक्यावर लोकरीची टोपी. उन्हाने माझं टक्कल तापत होतं आणि यांची टोपी कानापर्यंत.

“खराब होऊ नये म्हणून,” मी म्हणालो.

“खराब व्हायलाच हवा!” त्यांनी मक्याच्या पिठाच्या रिकाम्या पिशवीतून स्वतःचे कागद काढले. घड्यांवर फाटलेले, चिकटपट्टीने सांधलेले, शिक्क्यांवर शिक्के. “हा डाग बघ. लुसाकाचा चहा. हा तुंडुमाचा, त्यात साखर जास्त होती. डाग नसलेला कागद म्हणजे काल रात्री छापलेला, असं साहेबाला वाटतं.” रांगेतल्या चारपाच जणांनी माना डोलावल्या. “कागदाला श्वास लागतो, रफिकी. तू त्याचं नाक दाबलंस.”

मग ते म्हणाले, “चाय सांग, मी सोडवतो.” इकडे चाय या शब्दाला आपल्या ‘चहापाण्या’चाच दुसरा अर्थ आहे. मी घाबरून पाकिटाला हात घातला. त्यांना खरंच चहा हवा होता. थर्मास रिकामा होता.

चहा पिऊन त्यांनी टोपीच्या घडीतून दाढीचं पातं काढलं. कडेकडेने प्लास्टिक सोलायला लागले, जीभ बाहेर, डोळा बारीक. अर्धी रांग मदतीला वाकली. वरचं कव्हर सुटलं आणि सोबत इंजिन नंबरही सुटून आला. पत्रावर पांढरा चट्टा राहिला.

“आता श्वास घेतोय,” मझे म्हणाले.

साहेबांनी नवीन पत्र आणायला सांगितलं. नैरोबी, दीडशेहून जास्त किलोमीटर मागे. आणि जाता जाता विचारलं, “तुझं दुकान कुठे आहे?”

हे मात्र लागलं. स्वाहिलीत गाडीला गारी, विम्याला बिमा, शिक्क्याला मुहुरी म्हणतात. छळाचे शब्द सगळे ओळखीचे! दुकानही ‘दुका’च. पण म्हणून प्रत्येक म्हिंदी, म्हणजे भारतीय, दुकानदार? पलीकडे छपरावर तंबू बांधलेल्या ट्रकमधलं जर्मन जोडपं होतं, त्यांना कोणी दुकान विचारलं नाही. त्यांच्या प्रवासाला साहस म्हणतात, माझी गाडी तिकडे विकायला चाललेली असते. त्यांना दक्षिण आफ्रिकेचा व्हिसाच लागत नाही. मला तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि मुक्कामाचं बुकिंग दाखवायचंय. तंबूचं बुकिंग कुठून आणू?

आणि कार्नेट राहिलंच. गाडीचा पासपोर्ट म्हणा. प्रत्येक पानाचे तीन तुकडे, एक देशात शिरताना फाडायचा, एक बाहेर पडताना. एखादा शिक्का राहिला तर गाडीच्या किमतीवर भरलेली हमी अडकते. तेही मी लॅमिनेट करायला दिलं होतं. मशीनमध्ये जाईना म्हणून दुकानदाराने परत केलं. त्याचे उपकार आहेत.

काल बँकेत पुन्हा अर्ज दिला. काउंटरवरच्या मुलीने प्रवासाचं कारण विचारलं. फिरायला, म्हटलं. तिने लिहिलं: बिझनेस.