घराची मालकीण माझ्या हातात

फिलिपिन्समध्ये कुणाच्या घरी गेलात तर हात रिकामे ठेवू नका. रिकामा हात दिसला की त्यात काहीतरी कोंबलं जातं. मनिलाशेजारी कॅव्हिते प्रांतात, इमूसला, ऑफिसातल्या सहकारिणीकडे नव्या घराचं 'ब्लेसिंग' होतं. म्हणजे आपली वास्तुशांत. गुरुजींच्या जागी फादर. तिथे माझ्या हातात थेट घराची मालकीणच आली.

मालकीण म्हणजे सहकारिणीची थोरली बहीण. सगळे तिला 'आते' म्हणतात, म्हणजे ताई. आते दुबईत नर्स. घर तिच्या पगारातून उभं राहिलं, कर्ज तिच्या नावावर, फक्त सुट्टी मिळाली नाही. त्यामुळे रात्रपाळी आटपून ती व्हिडिओ कॉलवर हजर. इकडे सकाळचे अकरा, तिकडे सात. मानाचे पाहुणे, निनोंग आणि निनांग, मेणबत्त्या धरून उभे. उरलेला मोकळा माणूस मी. "कुया, म्हणजे दादा, जरा धरता का?" म्हणत सहकारिणीने फोन दिला आणि स्वयंपाकघरात गडप झाली.

दारातच लोलाने, म्हणजे आजीने, मला पाहून तोंड कसनुसं केलं होतं. भारतीय माणूस दारात आला म्हणजे हप्ता आला! मोटरसायकलवरून फिरणारे पंजाबी सावकार तिकडे 'फाइव्ह-सिक्स'चा धंदा करतात: पाच द्यायचे, सहा घ्यायचे. मी मालवणचा, मला दिलेली छत्रीसुद्धा परत मागता येत नाही. तिचा हात धरून कपाळाला लावला, तेव्हा कुठे म्हातारी हसली.

फादर खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडत निघाले. मागे मेणबत्त्या, त्यामागे मी. फादर प्रार्थना म्हणत होते आणि आते माझ्या हातातून तपासणी करत होती. "कुया, डावीकडे. अजून डावीकडे. हे पडदे कुणी निवडले?" आवाज कमी करायचं बटण मला सापडेना. न्हाणीघरात फादरांनी डोळे मिटले, तेवढ्यात हुकूम आला: "नळ सोडून दाखवा." सोडला. प्रार्थना आणि नळ बरोबरच चालले. मग फादरांनी शिंपडलेले चार थेंब फोनवर पडले, तेव्हा मात्र आतेने दुबईत भक्तिभावाने क्रूस काढला.

जिन्यापाशी मिरवणूक अडकली. पायऱ्या चढताना 'ओरो, प्लाता, माता' असं मोजायचं: सोनं, चांदी, मृत्यू. शेवटची पायरी 'माता'वर येता कामा नये. मी आतेच्या देखरेखीखाली तेरा मोजल्या, तेरावी सोन्यावर. सगळे खूश. एवढ्यात एका काकांना शंका आली, वरची जमीन धरायची का? धरली तर चौदा, चांदी. चालेल. मग ते म्हणाले, उंबराही धरू या. पंधरा! फादर गालातल्या गालात हसत पुढे गेले. तो हिशेब त्यांच्या खात्यातला नव्हता. आतेने दुबईहून निकाल दिला की काकांना गणित कधीच येत नव्हतं.

यानंतर सहकारिणीच्या आईने जिन्यावरून नाणी आणि चॉकलेटं उधळली. पोरं तर धावलीच, पण रेशमी पोशाखातल्या निनांगही चपळाईने खाली बसल्या. ही नाणी खर्चायची नसतात, बरकतीसाठी पाकिटात ठेवायची. मी शिष्टपणे उभा. "कुया, पायाशी दहा पेसो! उचला!" मालकिणीचाच आदेश, एका हाताने फोन उंच धरून वाकलो, तोवर ते नाणं एका पाच वर्षांच्या मुठीत गेलं होतं.

जेवणात अख्खं भाजलेलं डुक्कर, म्हणजे लेचोन. त्याची कातडी पापडासारखी कुडकुडीत. दीर्घायुष्यासाठी पान्सित नावाच्या लांब शेवया. एका हाताने लांब शेवया खाऊन बघा, आयुष्य खरंच लांबल्यासारखं वाटतं. त्यातच व्हिडिओके, म्हणजे कराओके, सुरू झालं. गाणं संपलं की यंत्र गुण देतं आणि न गाता पाहुण्याची सुटका नसते. आतेने मला इंग्रजी प्रेमगीत नेमून दिलं आणि स्वतः दुबईहून साथ धरली, प्रत्येक ओळीला दोन शब्द मागे. यंत्राने 92 गुण दिले. असल्या यंत्रावर माझा विश्वास नाही, पण पडद्याचा फोटो काढून ठेवला आहे.

टाळ्या चालू असतानाच फोनची बॅटरी संपली. आता दोन्ही हात मोकळे! मी ताट भरून लेचोनचा पहिला तुकडा उचलला आणि माझ्या खिशातला माझा फोन वाजला. आतेने बहिणीकडून नंबर मिळवला होता.

"कुया, मागच्या भिंतीला ओल आहे का, तेवढं राहिलं."