कामगारांनी जे सोडलं त्याच्या परतफेडीची तारीख कुणी लिहिली?

'युनियनने कंपनी बुडवली' हे वाक्य आमच्या चाकण-तळेगाव पट्ट्यात सतत कानावर येतं. पुरावा म्हणून हमखास अमेरिकेतल्या डेट्रॉइट या मोटार कारखान्यांच्या शहराचं नाव पुढे केलं जातं. म्हणून डेट्रॉइटबद्दलच लिहितो.

2008 च्या अखेरीस जनरल मोटर्स (जीएम) आणि क्रायस्लर या तिथल्या मोटार कंपन्यांकडची रोकड संपत आली होती. डिसेंबरमध्ये मदतीचं विधेयक सिनेटमध्ये अडलं. कामगारांचा पगार अमुक तारखेच्या आत जपानी कंपन्यांच्या अमेरिकेतल्या कारखान्यांइतका खाली आणा, असा काही सिनेटरांचा हट्ट होता आणि युनायटेड ऑटो वर्कर्स ही युनियन त्या तारखेला तयार नव्हती. शेवटी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी बँकांसाठी ठेवलेल्या निधीतून 17.4 अब्ज डॉलर दिले. पुढे ओबामांच्या काळात दोन्ही कंपन्या दिवाळखोरीतून बाहेर काढल्या गेल्या. एकूण मदत सुमारे 80 अब्ज, आणि सरकारचा तोटा 9 अब्जांच्या वर.

तेव्हा टीव्हीवर एकच आकडा फिरत होता: डेट्रॉइटचा कामगार तासाला 70 डॉलर घेतो. हे साफ खोटं होतं. हातात पडणारा पगार तासाला 28 डॉलरच्या आसपास होता. बाकीच्या रकमेत विमा, पेन्शन आणि मुख्य म्हणजे आधीच निवृत्त झालेल्या लाखो कामगारांचा औषधोपचाराचा खर्च होता, आणि तो सगळा आज लाइनवर उभ्या असलेल्या माणसाच्या नावावर मांडलेला. जपानी कंपन्यांचे तिथले कारखाने नवे होते, त्यांच्याकडे निवृत्त माणसंच मोजकी. हा फरक कामगाराच्या हावेचा कसा झाला?

युनियनचंही चुकलं होतं. काम नसलेल्यांना जवळपास पूर्ण पगार देणारी 'जॉब्स बँक' कुठल्याही हिशेबात बसत नव्हती. पुढे तर युनियनचे दोन माजी अध्यक्ष भ्रष्टाचारात तुरुंगात गेले, याचा मला आजही संताप येतो. पण गाड्यांची डिझाइनं, पेट्रोल महागलेलं असतानाही अवजड एसयूव्हींवर ठेवलेली सगळी भिस्त, हे निर्णय युनियनच्या ऑफिसात झाले नव्हते.

आणि मदतीच्या बदल्यात सोडलं कुणी? महागाई भत्ता थांबला. जॉब्स बँक गेली. 2015 पर्यंत संप न करण्याचं कबूल केलं. निवृत्तांच्या आरोग्य निधीला देण्याच्या रोख रकमेपैकी बरीचशी शेअर्समध्ये घ्यावी लागली. नव्या भरतीला 2007 च्या करारानुसार तासाला 14 डॉलरच्या आसपास, म्हणजे एकाच लाइनवर तोच बोल्ट आवळणारे दोघं, एकाला दुसऱ्याच्या निम्मा पगार. आपल्याकडे परमनंट आणि कंत्राटी शेजारी उभे असतात, त्यांना हे समजावून सांगायला नको.

कंपन्या वाचवायला सरकारी पैसा वापरला याला माझा विरोध नाही. त्या मंदीत या कंपन्या बंद पडल्या असत्या तर पुरवठादारांसकट सगळा पट्टा उद्ध्वस्त झाला असता. माझा आक्षेप कराराला आहे. सरकारने कर्जाच्या अटी लिहून घेतल्या, शेअर्स घेतले, 2013 च्या शेवटी विकूनही टाकले. कामगारांनी सोडलेलं कधी परत मिळणार, याचं कलम कुठेच नव्हतं. जीएमला 2011 मध्येच विक्रमी नफा झाला. 2015 मध्ये भागधारकांकडून 5 अब्जांचे शेअर्स परत घ्यायचं ठरलं. महागाई भत्ता मात्र 2023 च्या सहा आठवड्यांच्या संपानंतर परत आला. परवडणार नाही असं सांगणाऱ्या त्याच कंपनीने करार झाल्यावर महिन्याभरात 10 अब्जांच्या शेअर खरेदीची घोषणा केली!

तळेगावचा जीएमचा कारखाना 2008 सालचाच. 2020 च्या डिसेंबरमध्ये उत्पादन थांबलं, पुढे कारखाना ह्युंदाईकडे गेला आणि हजारावर कामगार वर्षानुवर्षं न्यायासाठी कोर्टात आणि उपोषणाला बसले. तिथे कुठलाही बेलआउट, म्हणजे कंपनी वाचवणारी सरकारी मदत, नव्हता.

ज्यांच्या कंपनीत 'अडचणीचा काळ' म्हणून भत्ता किंवा पगारवाढ गोठवली आहे, त्यांनी कराराची प्रत काढून हे गोठवणं कधी संपणार याची तारीख त्यात आहे का ते पाहा आणि इथे लिहा.