‘पेशी ठरवते’ म्हणजे काय: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गर्भातल्या मेंदूवरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचे आक्षेप दोन. ‘काय व्हायचं ते पेशी ठरवते’ हे वाक्य भोंगळ आहे, सगळं जनुकांत आधीच लिहिलेलं असतं, हा पहिला. ‘मेंदूतली प्रत्येक पेशी चेतानलिकेच्या भिंतीत जन्मते’ (चेतानलिका म्हणजे गर्भातली ती नळी, जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) हे चूक आहे, हा दुसरा.

दुसरा शंभर टक्के मान्य. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूत साफसफाई करणाऱ्या पेशी, मुळात तिथल्या नाहीतच. त्यांचे पूर्वज गर्भाला जोडलेल्या, पण त्याच्या शरीराबाहेरच्या पीतक पिशवीत तयार होतात आणि फार लवकर मेंदूत येऊन स्थायिक होतात. उंदरांवरच्या कामातून 2010 साली हे स्पष्ट झालं. ‘प्रत्येक’ हा शब्द मी लिहायला नको होता. लेखात दुरुस्ती केली आहे.

पहिला मात्र पटत नाही. ‘ठरवते’ हा शब्द सैल आहे, पेशीला मन नसतं, हे कबूल. पण ‘आधीच लिहिलेलं’ हे त्याहून सैल. चेतापेशी आणि तिला खेटून असलेली ॲस्ट्रोसाइट (चेतापेशींना आधार देणारी पेशी), दोघींची जनुकं जवळजवळ तीच. त्यांतली कुठली चालू राहतील आणि कुठली बंद, हे पेशी कुठे आहे, केव्हा जन्मली आणि आजूबाजूच्या पेशींकडून तिला कोणते संकेत मिळाले, यावरही ठरतं.

मेंदूच्या घडणीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ सुझन मॅककॉनेल यांचा 1991 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. प्राणी होता फेरेट, मुंगसासारखा लांबुडका. त्याची पिल्लं जन्मतात तेव्हा कॉर्टेक्सचे, म्हणजे मेंदूच्या सहा थरांच्या बाहेरच्या आवरणाचे, वरचे थर अजून बनतच असतात (थर वरून खाली मोजतात), म्हणून तो निवडला. कॉर्टेक्स आतून बाहेर रचला जातो: आधी जन्मलेल्या चेतापेशी तळाशी, सहाव्या थरात बसतात, मागाहून जन्मलेल्या त्यांना ओलांडून वर जातात. मॅककॉनेल यांनी गर्भातून सहावा थर बनवणाऱ्या पूर्वज पेशी काढल्या, त्यांच्या डीएनएवर किरणोत्सारी खूण केली आणि त्या नवजात पिल्लाच्या मेंदूत सोडल्या. तिथे तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या थराचं काम चाललं होतं. विभाजनाआधीची डीएनएची नक्कल चालू असतानाच हलवलेल्या पेशींच्या बहुतेक कन्यापेशी नव्या जागेच्या रीतीप्रमाणे वर गेल्या. पण त्याच पेशी आधी काही तास जुन्या सोबत्यांतच ठेवल्या आणि नक्कल पुरी झाल्यावर हलवल्या, तर कन्यापेशी थेट सहाव्या थरात जाऊन बसल्या. जनुकं दोन्ही वेळी तीच होती, मेंदूही त्याच वयाचा. बदलले ते मधले काही तास. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पान उलटवेना.

गर्भाच्या मज्जारज्जूतही हेच दिसतं. खालच्या बाजूने सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन झिरपतं. त्याची मात्रा आणि ते किती वेळ मिळालं, यावरून एखादी पेशी स्नायू हलवणारी चेतापेशी होते, तर जरा वरची दुसऱ्याच प्रकारची.

जनुकांना मी कमी लेखत नाही. रीलिन हे एक जनुक बिघडलं की उंदराच्या कॉर्टेक्समधल्या थरांचा क्रम कोलमडतो. पण ‘सगळं जनुकांत’ हे वाक्य घराघरांत कसं वापरलं जातं, ते तुम्हालाही ठाऊक असेल. मूल वेगळं जन्मलं की आईच्या माहेरची चौकशी सुरू होते. 2015-16 मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्मली, ती झिका विषाणूमुळे. चेतापेशी जिच्यापासून तयार होतात, त्या रेडियल ग्लिया पेशीतच तो शिरत होता. आयांना गरोदरपणी डास चावला होता, इतकंच.