डिस्क बदलण्याआधी केबल बघा
बाहेरची हार्डडिस्क संथ झाली की नवी घ्या, असं एका लेखात सरसकट म्हटलंय, ते पटलं नाही. आमच्या राजारामपुरीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी पोरं असाच फुकटचा खर्च करून बसतात. डिस्क जोडायच्या जुन्या यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट. हातात पडतात ३०-४०. आताची साधी, आत तबकडी फिरणारी डिस्कसुद्धा शंभराच्या आसपास जाते. म्हणजे अडतं ते पोर्टवर, केबल खुपसतो त्या खाचेवर. त्यानंतरच्या यूएसबी ३.० ला सेकंदाला ५ गिगाबिट मिळतात, पण मोबाइलची जुनी केबल लावली की डिस्क गुमान २.० वर उतरते. (३.० चं निळं पोर्ट बऱ्याचदा सीपीयूच्या मागं असतं, आणि सगळे पुढच्यातच खुपसतात!) कॉपी संपलेली दिसली तरी थोडा डेटा कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, असू शकतो, त्यामुळं 'इजेक्ट' न करता उपटू नका भावांनो.