कॅश लपवायची कुठे?

वस्तू लपवण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा कोणी नाही, अशी माझी समजूत होती. चष्मा, किल्ल्या, विम्याचे कागद मी असे काही ठेवतो की घरात आठवडाभर कुणाला सापडत नाहीत. मलाही नाही. त्यामुळे जिओकॅशिंग या खेळाच्या नादाला लागून पंचवीसेक डब्या शोधून झाल्यावर आपणही एक लपवावी असं वाटलं. या डबीलाच खेळात 'कॅश' म्हणतात. डबी ठेवायची, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, लोक जीपीएस घेऊन येणार, आतल्या वहीत नाव लिहिणार आणि डबी होती तिथे ठेवून जाणार. यात अवघड ते काय?

मी खुरपं काढलं. तेव्हा कळलं की खणायला बंदी आहे. गंमत म्हणजे 2000 सालच्या 3 मेला डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये या खेळाची पहिली बादली ठेवली, ती अर्धवट पुरलेलीच होती. आत बीन्सचा डबाही होता. आज खाण्याचे पदार्थ चालत नाहीत. वासाने जनावरं येतात. म्हणजे खेळाच्या जन्मदात्याची बादली आज पहिल्याच तपासणीत नापास! मग माझी काय कथा?

खुरपं ठेवलं आणि खिळा घेतला. झाडाला खिळा ठोकायचा नाही. खिळाही ठेवला.

मग बागेजवळ एक जुनी दगडी भिंत सापडली. फटीच फटी! डबी आत सरकवली आणि लांब उभं राहून कौतुकाने बघत होतो, तोच स्वतःचे जुने पराक्रम आठवले. जीपीएसचा बाण झाडाखाली पाच-दहा मीटर इकडेतिकडे सहज भरकटतो. अशा वेळी शोधणारा माणूस काय करतो? एकेक दगड हलवून बघतो. मीही तेच केलं होतं. महिन्याभरात भिंतीचा ढिगारा झाला असता आणि डबी त्या ढिगाऱ्यावर ऐटीत बसलेली दिसली असती.

पुढची जागा झाडाच्या बुंध्यातली ढोली. हिच्यावर मी बेहद्द खूश होतो. परीक्षक म्हणून मुलीला नेलं. तिने ढोलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, आधी तू हात घाल." मी बाही वर केली. बोटं कडेपर्यंत गेली आणि तिथेच थबकली. आत काहीतरी हललं. पान असेल. पण पानाला कधी पाय असतात का, हा विचार एकदा मनात आला की हात पुढे जात नाही. ढोली बाद. "तू स्वतः हात घालशील का?" हा प्रश्न नियमावलीत पहिला हवा, असं माझं मत झालं आहे.

विजेची पेटी तर मी विचारातही घेतली नाही. खोटी पेटी चिकटवणारे महाभाग असतात, पण शोधणारा खरी उघडून बसला तर? बसायला जागा, वर सावली अशी एक झकास जागा नकाशावर हेरली, तर तिथे 161 मीटरच्या आत दुसऱ्याची डबी. दोन डब्यांत तेवढं अंतर लागतंच. सगळ्या चांगल्या जागा आपल्याआधी कुणीतरी बळकावलेल्या असतात, हा अनुभव काही नवा नाही.

शेवटी बागेतलं एक लोखंडी बाक निवडलं. खाली चुंबकाने चिकटणारी डबी, बाहेर ठळक अक्षरांत 'जिओकॅश'. डबी पारदर्शक घेतली. इंग्लंडमधल्या वेदरबी गावात 2011 साली एक डबी बॉम्बशोधक पथकाने उडवून दिली होती, हे मी वाचून होतो. वाकून डबी चिकटवत होतो, एवढ्यात मागून आवाज आला.

"काय करताय साहेब?"

बागेचे रखवालदार. मी दचकलो आणि जे खरं होतं तेच बोलून गेलो.

"काही नाही मामा, कॅश लपवतोय."

मामांचा चेहरा बदलला. "किती आहे?"

"एकच. छोटीशी."

पुढची वीस मिनिटं मी बागेच्या कचेरीत होतो. टेबलावर डबी, तिच्यात पेन्सिलीचा तुकडा आणि करंगळीएवढी वही, समोर तीन माणसं. एकाने वही उलटसुलट करून हिशेब कुठे लिहिलाय ते शोधलं. परवानगी आधी घ्यायला हवी होती, हे मला ठाऊक होतं. पण 'जागा ठरली की घेऊ' म्हणत राहिलो. ती तिथेच, लेखी अर्ज करून घेतली. अर्जात 'कॅश' हा शब्द मी कटाक्षाने टाळला.

डबी जागेवर गेली. शोधायला अवघड म्हणून मी तिला पाचपैकी साडेतीन गुण दिले. पहिल्या चार जणांना ती दोन मिनिटांत सापडली! मी चक्रावलो. मग पाचव्याने वहीत लिहिलं, 'फाटकाशीच मामांनी विचारलं, डबीसाठी आलात ना? आणि बाकापर्यंत सोडायला आले.'

परवा मी तो साडेतीनचा एक केला.