आणि, किंवा, नाही

आमच्या कारखान्यातल्या तीनशे चाळीस संगणकांची निगा राखण्यासाठी व्यवस्थापनाने एक स्वयंचलित प्रणाली घेतली. ‘आता टेबलाटेबलाखाली वाकायला नको, नुसती अट लिहायची, अटीत बसणाऱ्या यंत्रांवर काम आपोआप होते,’ असे विक्रेत्याने सांगितले आणि मी त्याच संध्याकाळी कमरेचा पट्टा मेहुण्याला देऊन टाकला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून तिला मिळणारी नेहमीची सुरक्षा अद्यतने, संपणार होता. त्या संगणकांवर ‘आपले यंत्र लवकरच बदलले जाईल’ अशी सूचना झळकवण्यासाठी मी ‘आवृत्ती १०.० ने सुरू होते’ ही अट घातली. विंडोज ११ देखील आपली आवृत्ती १०.० अशीच सांगते, तिचे खरे वय २२००० आणि त्यापुढच्या बिल्ड क्रमांकावरूनच, म्हणजे १०.० च्या मागे जोडलेल्या आकड्यावरूनच, कळते, हे मला ठाऊक नव्हते. आठवड्यापूर्वी कोरा लॅपटॉप मिळालेल्या खरेदी व्यवस्थापकांनी तो परत द्यायचा आहे का, असे जड अंतःकरणाने विचारले. कारखान्याच्या सामायिक संगणकावरची विंडोज सर्व्हर २०१९ सुद्धा १०.० च सांगत असल्याने त्यालाही सूचना गेली होती, पण तो बिचारा काही बोलला नाही.

मग भांडार आणि देखभाल या दोन विभागांत छपाईयंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते यंत्र चालवता यावे म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम, बसवायचा होता, म्हणून मी ‘विभाग भांडार आहे आणि विभाग देखभाल आहे’ असे लिहिले, तर यादीत शून्य यंत्रे आली. आपण लग्नात ‘वधूपक्षाकडच्या आणि वरपक्षाकडच्या मंडळींनी पानावर बसावे’ म्हणतो तेव्हा पंगत भरते. ही प्रणाली मात्र जो एकाच वेळी दोन्हीकडचा असेल त्यालाच बसवते, म्हणजे सगळा मांडव उपाशी आणि लग्न जुळवणारा मध्यस्थ तेवढा जेवतो. इथे ‘किंवा’ लिहायचे असते.

हा धडा मी फारच मनापासून घेतला. ३१ मार्चला दुपारी दीड वाजता, जेवणाच्या सुट्टीत, सुरक्षा अद्यतनांनंतर सर्व संगणक पुन्हा सुरू करायचे होते; फक्त लेखा विभाग आणि संचालकांचे कार्यालय वगळायचे होते. मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले, ‘विभाग लेखा नाही, किंवा विभाग संचालक कार्यालय नाही’. आता लेखा विभागाचा संगणक संचालकांचा नसतो, म्हणून तो अटीत बसतो. संचालकांचा संगणक लेखा विभागाचा नसतो, म्हणून तोही बसतो. त्या अटीतून सुटेल असे यंत्र जगात निर्माणच झालेले नाही. वर्षाचे हिशेब मिटवण्याच्या दिवशी लेखा विभाग सुट्टी घेत नाही, एका हातात पोळीचा घास आणि दुसरा हात माउसवर अशा अवस्थेत असतो, हेही मला त्याच दिवशी समजले. दीड वाजून एक मिनिटाने मुख्य लेखापालांचा फोन आला. त्यांचा आवाज शांत होता, आणि म्हणूनच मी घाबरलो. ते एवढेच म्हणाले, ‘अहो, ताळेबंद जुळला होता हो.’ संचालक त्या वेळी बँकेच्या अधिकाऱ्यांना पडद्यावर काहीतरी दाखवत होते. त्याविषयी अधिक लिहिणे माझ्या पगारवाढीच्या हिताचे नाही.

नकारांमध्ये ‘आणि’ घालून ती अट मी दुरुस्त केली. पुढच्या वेळी लेखा विभाग सुखरूप राहिला, परंतु फाटकावरच्या वजनकाट्याचा संगणक मालमोटारींची रांग लागलेली असताना बंद पडला. त्याच्या नोंदीत विभागाचा रकाना कोणी भरलाच नव्हता, आणि रिकामा रकाना हा ‘लेखा नाही’ आणि ‘संचालक कार्यालय नाही’ या दोन्ही अटी बिनतक्रार पाळतो.

हल्ली बटण दाबण्याआधी मी यादीचा कागद छापून घेतो आणि यंत्रावर चिकटवलेला क्रमांक यादीशी जुळतो का, हे टेबलाटेबलाखाली वाकून तपासतो. मेहुण्याला परवा फोन केला होता. पट्टा त्याला फार मानवला आहे म्हणे.